दर्याने दिलेली पदवी

फेब्रुवारी २०२५ मध्ये वर्तमानपत्रांत एक बातमी येऊन गेली. आपल्या नौदलातील दोन महिला अधिकारी, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए., ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, म्हणजे केप हॉर्नला, वळसा घालून सुखरूप पुढे गेल्या. बातमीच्या शेवटी म्हटले होते की, या कामगिरीमुळे दोघींना ‘केप हॉर्नर’ ही मानाची उपाधी मिळाली आहे.

मी अडतीस वर्षे बँकेत काढली. त्या नोकरीने लावलेल्या सवयी कथा-कादंबऱ्या लिहून जात नाहीत. ‘मिळाली’ हा शब्द वाचला की डोळा आपोआप पुढच्या रकान्यात जातो आणि ‘किती?’ असे विचारतो. उपाधी मिळाली म्हणजे नेमके काय मिळाले? एखादी वेतनवाढ? भत्ता? निदान छातीवर लावायचा बिल्ला? चौकशी केली तेव्हा कळले की, यातले काहीच नाही. कोणत्याही सरकारच्या राजपत्रात ही पदवी नाही, तिला पेन्शन नाही, रेल्वेत सवलत नाही. जगातले सगळे खलाशी ती मानतात, एवढाच तिचा आधार. आणि एवढ्यावर ती शेकडो वर्षे चालली आहे. अमुक लाखांचा पुरस्कार, मानपत्र, शाल, श्रीफळ, मंत्रिमहोदयांच्या शुभहस्ते अशी सवय झालेल्या आपल्यासारख्यांना हा व्यवहार चमत्कारिक वाटला तर नवल नाही. मला तो इतका चमत्कारिक वाटला की, पुढचे काही आठवडे मी याच नादात होतो.

आधी हे टोक काय आहे ते पाहू. शाळेच्या भूगोलात ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ अशी वाऱ्यांची नावे आपण परीक्षेपुरती पाठ केली होती. दक्षिण गोलार्धात त्या अक्षांशांवर जमीन जवळजवळ नाहीच. त्यामुळे पश्चिमेचा वारा पृथ्वीला प्रदक्षिणा घालत राहतो, त्याला अडवायला कोणी नाही, आणि त्याच्यासोबत लाटाही वाढत जातात. हा सगळा लोंढा दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या सुमारे आठशे किलोमीटरच्या फटीतून जातो. त्यातून हॉर्नजवळ समुद्राचा तळ वर येतो. लांबरुंद लाटा तिथे उभ्या चढतात. ५६ अंश दक्षिण अक्षांश, हिमनग, गारठा आणि जवळपास मदतीला कोणी नाही. १६१६ मध्ये डच खलाशांनी हा मार्ग शोधला आणि आपल्या हॉर्न या गावाचे नाव त्या खडकाला दिले. एका शांत बंदरगावाचे नाव जगातल्या सर्वांत खुनशी टोकाला पडावे, हा विनोदच म्हणायचा.

पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्याला निदान वारा पाठीशी असतो. उलट दिशेने जाणाऱ्याचे हाल कुत्रा खात नसे. १७८८ मध्ये ‘बाउंटी’ या जहाजाच्या कप्तान ब्लायने जवळजवळ महिनाभर धडका मारल्या आणि शेवटी सुकाणू फिरवले. ताहितीला पोचण्यासाठी तो आफ्रिकेचे टोक गाठून पूर्वेच्या बाजूने, पृथ्वीचा भलामोठा भाग पालथा घालून गेला. त्याला ते जवळचे वाटले! १९०५ मध्ये ‘सुझाना’ या जर्मन जहाजाला हे टोक ओलांडायला ९९ दिवस लागले. नव्व्याण्णव दिवस ओले कपडे, गोठलेले दोर आणि रोज सकाळी समोर तोच समुद्र. तरीही धान्य, कोळसा, सोरा यांनी भरलेली जहाजे या वाटेने जात राहिली, कारण दुसरी वाटच नव्हती. १९१४ मध्ये पनामा कालवा उघडला आणि त्या वाटेवरची वर्दळ आटत गेली. माल भरून हॉर्नला वळसा घालणारे शेवटचे व्यापारी शिडाचे जहाज ‘पामीर’. ते साल १९४९. पुढे १९५७ मध्ये अटलांटिकच्या वादळात ‘पामीर’ही बुडाले. त्यावरच्या ८६ जणांपैकी सहाच वाचले.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. १९३७ मध्ये फ्रान्समधल्या सेंट मालो या बंदरात काही निवृत्त कप्तानांनी केप हॉर्नरांची एक संघटना काढली. पुढे अनेक देशांत तिच्या शाखा झाल्या. सभासद होण्याची अट एकच: माल वाहणाऱ्या शिडाच्या जहाजावरून तुम्ही केप हॉर्न ओलांडलेले असले पाहिजे. ज्यांनी कप्तान म्हणून स्वतःच्या हुकमतीखाली असे जहाज नेले, त्यांना ‘अल्बाट्रॉस’ म्हणत. अल्बाट्रॉस हा त्या समुद्रावर आठवडेच्या आठवडे तरंगणारा थोरला पक्षी. दरवर्षी ही म्हातारी मंडळी कुठेतरी जमत, जेवत, एकमेकांच्या त्याच त्या हकिकती ऐकत. पण १९४९ नंतर त्या अटीत बसणारी नवी माणसे येणार कुठून? दरवर्षी खुर्च्या कमी होत गेल्या. अट थोडी सैल केली असती तर संघटना सहज चालली असती. देणगीदार सभासद, सन्माननीय सभासद, सभासदाचा मुलगा, जावई, असे करता करता शंभर वर्षे निघाली असती. आपल्याकडे कित्येक मंडळे याच युक्तीवर उभी आहेत. त्या म्हाताऱ्यांनी ते केले नाही. २००३ मध्ये त्यांनी संघटना रीतसर विसर्जित केली.

बँकेतल्या माणसाला खाते बंद करणे म्हणजे काय ते ठाऊक असते. मृताचे खाते बंद होते, भांडणातले खाते बंद होते. पण हिशेब पूर्ण झाला, आता यात नवी नोंद होणे नाही, असे म्हणून कोणी हसतमुखाने खाते बंद केल्याचे मी नोकरीत कधी पाहिले नाही. हल्ली मला वर्षातून पाचसहा वेळा एक पत्र येते. आपली अमुक साहित्यभूषण पुरस्कारासाठी निवड झाली आहे, सोहळ्याच्या नोंदणीचे शुल्क इतके, सोबत दोन फोटो पाठवावेत. ते पत्र वाचताना सेंट मालोची ती मंडळी मला हमखास आठवतात.

शिडाच्या छोट्या नौकांमधून साहसाने जाणाऱ्यांसाठी मात्र इंग्लंडमधल्या मंडळींनी ही परंपरा चालू ठेवली आहे. तिथेही अट पातळ नाही. निदान तीन हजार सागरी मैलांचा अखंड प्रवास, एका महासागरातल्या ५० अंश दक्षिणेपासून दुसऱ्या महासागरातल्या ५० अंशांपर्यंत, आणि तोही इंजिन न वापरता. पर्यटकांच्या आगबोटीत बसून, गरम कॉफी पीत, केप हॉर्नचा फोटो काढून आणणाऱ्यांची आता कमी नाही. ती मंडळी केप हॉर्नला जाऊन आलेली असतात. केप हॉर्नर नसतात.

अशा दर्याच्या पदव्या पुष्कळ आहेत. सर्वांत जुनी आणि सर्वांत पसरलेली म्हणजे विषुववृत्त ओलांडणाऱ्याची. इंग्रजी जहाजांवर ज्याने ही रेषा ओलांडलेली नाही तो ‘पॉलीवॉग’, म्हणजे शेपटी न गळलेले बेडकाचे पिल्लू. ओलांडली की तो ‘शेलबॅक’, पाठीवर कवच चढलेले, समुद्रात मुरलेले कासव. जहाज शून्य अंशावर आले की, समुद्राचा राजा नेपच्यून हातात त्रिशूळ घेऊन डेकवर अवतरतो. हा राजा म्हणजे बहुतेक वेळा जहाजावरचा एखादा जुना, जाडजूड, आवाजी खलाशी. दोरखंडाची दाढी, पत्र्याचा मुकुट. शेजारी राणी, तीही मिशा असलेली. मग न्हावी, वैद्य, कोतवाल असा दरबार भरतो, पिल्लांवर आरोप ठेवले जातात, वंगणाने किंवा रंगाने दाढी होते आणि शेवटी पाण्याच्या हौदात बुचकळी. त्यानंतर चित्रविचित्र प्रशस्तिपत्र: अमुक रेखांशावर, अमुक तारखेला, हा मनुष्य आमच्या राज्याचा प्रजाजन झाला, सबब जलचरांनी याला त्रास देऊ नये.

या प्रकाराची जुनी वर्णने वाचण्यासारखी आहेत. १७६८ च्या ऑक्टोबरात कप्तान कुकच्या ‘एंडेव्हर’ जहाजाने रेषा ओलांडली. त्यावर जोसेफ बँक्स हा श्रीमंत निसर्गशास्त्रज्ञ होता. आरोपींच्या यादीत माणसांबरोबर जहाजावरच्या कुत्र्या-मांजरांचीही नावे होती. ज्याला बुचकळी नको त्याने आपल्या दारूचा वाटा सोडायचा, असा नियम. बँक्सने स्वतःची, आपल्या नोकरांची आणि आपल्या कुत्र्यांची सुटका ब्रँडी देऊन करून घेतली. बाकीच्यांना दोराला बांधून उंचावरून तीन-तीनदा समुद्रात सोडले. फेब्रुवारी १८३२ मध्ये ‘बीगल’वर चार्ल्स डार्विनची पाळी आली. वय नुकतेच तेवीस झालेले. त्याच्या तोंडाला डांबर आणि रंग फासला, लोखंडी पट्टीने खरवडला आणि डोळे बांधून पाण्यात लोटून दिला. त्याला तो अनुभव मुळीच आवडला नाही. त्याचा कप्तान फिट्झरॉय मात्र लिहून गेला की, अनेकांना ही रीत मूर्ख आणि धोक्याची वाटते, पण तिची तयारी करताना आणि नंतर कितीतरी दिवस तिच्याविषयी बोलताना खलाशांच्या मनाला काय मिळते, ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही.

फिट्झरॉयचे म्हणणे मला पटते. महिनोन्महिने एका लाकडी पेटीत कोंडलेली, हुकमावर उठणारी-बसणारी माणसे. त्यांना एक दिवस असा मिळतो की, त्या दिवशी स्वयंपाक्याने रेषा आधी ओलांडली असेल तर तो वरचढ आणि नवा अधिकारी खालचा. हुद्दा खुंटीला टांगलेला. १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ‘इंडियानापोलिस’ या युद्धनौकेवरून दक्षिण अमेरिकेला निघाले होते. रेषेवर नेपच्यूनचा दरबार भरला तेव्हा राष्ट्राध्यक्षांनाही पिल्लू म्हणूनच उभे राहावे लागले आणि त्यानंतरच त्यांना कासवाचा दर्जा मिळाला. साऱ्या सैन्याचा सरसेनापती, पण समुद्राच्या खातेवहीत त्याची नोंद त्या दिवसापासून.

बाकीच्या पदव्यांची नुसती नावे घ्यायची तर: १८० रेखांशावर विषुववृत्त ओलांडले तर ‘सोनेरी कासव’, आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडणारा ‘सुवर्ण ड्रॅगन’, उत्तर ध्रुववृत्तात शिरणारा ‘निळ्या नाकाचा’, दक्षिण ध्रुववृत्तात जाणारा ‘लाल नाकाचा’, पृथ्वीप्रदक्षिणा केली तर मॅगेलनच्या नावाची पदवी. पनामा कालव्यातून गेलेल्यांचीही एक पदवी आहे, तिचे नाव ‘खंदकवाले’ असे काहीसे होईल. माझ्या मते पदव्यांची ही पैदास अमेरिकन नौदलाने जरा जास्तच केली. कालव्यातून जायला पैसे भरावे लागतात, धैर्य लागत नाही.

पण या विषयाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ‘ऑन्स्लो’ या पाणबुडीवरील अशा समारंभाचे चित्रण तिथल्या दूरदर्शनवर दाखवले गेले आणि देश हादरला. नव्या खलाशांना शिव्या देत, त्यांच्याशी जे प्रकार केले गेले, त्यांचे वर्णन रविवारच्या पुरवणीत करता येणार नाही. दोराने मारणे, कचऱ्यातून सरपटवणे हे तर अनेक देशांच्या जहाजांवर चालत असे. काही ठिकाणी माणसे जायबंदी झाली. त्यानंतर बऱ्याच नौदलांनी नियम कडक केले आणि आता हा सोहळा गाणी, सोंगे आणि बादलीभर पाणी एवढ्यावर आला आहे. जुने लोक हळहळतात, आमच्या वेळी खरा दरबार भरे म्हणतात. त्यांना हळहळू द्यावे.

महाराष्ट्राला १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला. त्यामुळे ‘परंपरा’ या शब्दाआड काय काय खपवले जाते, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. वसतिगृहातला वरच्या वर्गातला मुलगा आणि डेकवरचा तो माजलेला नेपच्यून यांचे म्हणणे एकच असते: आम्ही सोसले, आता तुम्ही सोसा. इथे मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. केप हॉर्नवर परीक्षा समुद्र घेतो. त्याला तुमचा द्वेष नाही, तुमच्या अपमानात रस नाही आणि तुमचा वशिलाही तो ओळखत नाही. तिथे परीक्षक म्हणून माणूस जाऊन बसला की दुसऱ्याला लहान करण्याची हौस डोके वर काढते. रेषा ओलांडली एवढ्यानेच कासव झाला, असे मानावे. वरची दाढी आणि बुचकळी हसण्यापुरती असावी. हसणे थांबले, तिथे परंपराही थांबवावी.

आणि आपल्याकडे? समुद्र ओलांडणाऱ्यासाठी आपणही विधी ठेवला होता, पण तो पदवीचा नव्हता. तो प्रायश्चित्ताचा होता. समुद्रगमन कलियुगात वर्ज्य, असे शास्त्री सांगत. राघोबादादांनी १७८१ च्या सुमारास आपले वकील इंग्लंडला पाठवले. ते जीव वाचवून परत आले, पण जातीत येण्यासाठी त्यांना शुद्ध करून घ्यावे लागले. शंभर वर्षांनी, १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हाही गदारोळ झालाच. अठरा वर्षांच्या त्या मुलीला सभेत उभे राहून, मी का जाते आहे, ते सांगावे लागले. जगात इतरत्र ज्या प्रवासाने माणूस मोठा होई, त्याच प्रवासाने आपल्याकडे तो बाटे.

अर्थात ही बंदी वरच्या जातींची. किनाऱ्यावरच्या कोळी, भंडारी, खारवी, दालदी या समाजांना ती परवडणारी नव्हती आणि त्यांनी ती मानलीही नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि होडी लोटायची. त्यांच्यात पदव्या होत्या, आजही आहेत. आपण त्या पदव्या म्हणून ओळखत नाही, एवढेच. तांडेल म्हणजे होडीवरच्या माणसांचा म्होरक्या. सारंग त्याहून मोठ्या गलबतावरचा. नाखवा म्हणजे नौकेचा धनी. फारसी नाखुदाचा कोकणात झालेला अवतार. यातली कुठलीही पदवी दरबारातून आलेली नव्हती. ज्याच्या हाती सुकाणू दिले तर घरी परत येऊ, अशी बाकीच्यांची खात्री, तो तांडेल. पुढे इंग्रजांच्या आगबोटींवर हिंदी खलाशांचे मुकादम नेमले गेले, तेव्हा साहेबाने हेच शब्द उचलले. सारंग आणि तांडेल त्यांच्या कागदपत्रांत ‘सेरँग’ आणि ‘टिंडल’ होऊन लंडनपर्यंत पोचले. आणि कोकणात त्यांची आडनावे झाली. बँकेच्या काउंटरवर मी वर्षानुवर्षे तांडेल, सारंग, नाखवा अशा सह्या घेतल्या. ‘कुलकर्णी’ ऐकल्यावर मला वतन आठवे, ‘देशपांडे’ ऐकल्यावर दप्तर आठवे. या आडनावांमागे मात्र कुणातरी पणज्याने वादळातून परत आणलेली होडी होती.

राजाने दिलेल्या पदव्याही होत्या. शिवाजी महाराजांच्या आरमारात ‘दर्यासारंग’ होता. कान्होजी आंग्रे ‘सरखेल’ होते आणि ते नाव त्यांनी पश्चिम किनाऱ्यावर असे गाजवले की, इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊनही त्यांना हलवू शकले नाहीत. पण १७२९ मध्ये कान्होजी गेले आणि काही वर्षांतच त्यांच्या मुलांत या पदवीवरून तेढ पडली. शेवटी पहिल्या बाजीरावांनी वाटणी केली: संभाजी आंग्र्यांना सरखेली, मानाजींना ‘वजारतमाब’ ही नवी पदवी आणि कुलाबा. एक आरमार होते, त्याची दोन झाली. १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे मिळून तुळाजी आंग्र्यांवर चालून गेले आणि विजयदुर्गाच्या खाडीत मराठी गलबते जळाली. या सगळ्याचे खापर एका पदवीवर फोडणे बरोबर नाही, कारणे पुष्कळ होती. तरी वारसाने आलेली सरखेली आणि होडीवर कमावलेली तांडेलकी यांत तांडेलकी जास्त टिकली, हे खोटे नाही.

१९८७-८८ साली मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका शाखेत होतो. तिथे एकदा साठी ओलांडलेले, अंगाने किडकिडीत असे एक गृहस्थ घरदुरुस्तीच्या कर्जासाठी आले. आयुष्यभर मालवाहू आगबोटींवर सारंग म्हणून नोकरी केलेली. गावात त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी सातबारा, घरपट्टीची पावती आणि जहाजावरच्या नोकरीच्या नोंदींचे पुस्तक असे सगळे व्यवस्थित आणले होते. या पुस्तकाला गोव्यातली तारवटी मंडळी ‘नोली’ म्हणतात. पूर्वी हे कागद गुंडाळून पत्र्याच्या नळीत ठेवत, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात. या कागदांच्या खाली एक रंगीत कागद होता. त्यावर दाढीवाला राजा, मत्स्यकन्या, दोन डॉल्फिन, मध्ये चाचांचे नाव, तारीख, रेखांश आणि खाली कप्तानाची सही. आमच्या फिल्ड ऑफिसरने विचारले, “चाचा, हा कशाला?” ते म्हणाले, “बाकीचे तुम्ही मागितले म्हणून आणले, साहेब. हा माझा मी आणला.”

मी त्यांना केबिनमध्ये बसवून चहा मागवला. काय काय केले हो तुमचे, असे विचारले. “दाढी केली,” ते हसले, “सकाळी मी माझी केली होती, तरी पुन्हा केली.” त्यांच्या जहाजावर एक नवा गोरा अधिकारीही त्याच दिवशी पिल्लू होता आणि दोघांना एकाच हौदात बुडवले. एरवी त्या अधिकाऱ्याच्या जेवणाच्या खोलीच्या दारातही चाचांना उभे राहता येत नसे. “त्या दिवशी पाणी दोघांना सारखेच खारट लागले,” असे म्हणून त्यांनी चहा संपवला. त्या प्रशस्तिपत्राने कर्जाच्या रकमेत एक रुपयाही वाढला नाही, वाढण्याचे कारणही नव्हते. छापील अर्जात त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून त्याची नक्कल मी ‘इतर कागदपत्रे’ या सदरात लावली. मूळ प्रत त्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पिशवीच्या तळाशी, सातबाऱ्याच्याही खाली, ठेवली.

कोकणात आणि गोव्यात अशी किती घरे असतील? पिढ्यान् पिढ्या ही माणसे आगबोटींवर गेली, कोणी डेकवर, कोणी भट्टीपाशी, कोणी भोजनगृहात वाढपी म्हणून. त्यांनी विषुववृत्त किती वेळा ओलांडले, त्याची गणती त्यांनीही ठेवली नसेल. गावच्या इतिहासात देवळाचा जीर्णोद्धार येतो, शाळेचा देणगीदार येतो, सारंग क्वचित येतो. एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने मनावर घेतले, तर ही पुस्तके आणि हे रंगीत कागद घरोघरी जाऊन टिपून ठेवणे दोन-तीन वर्षांचे काम आहे. खर्च फारसा नाही. वाळवी आणि पागोळ्या मात्र कोणासाठी थांबत नाहीत.

नौदलाने या बाबतीत आपल्यापुरते चांगले काम केले आहे. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता, कोणाची मदत न घेता फिरून आले. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा जणींनी ‘तारिणी’तून प्रदक्षिणा केली. आणि मग दिलना आणि रूपा, दोघीच. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड, दक्षिण आफ्रिका असे थांबे घेत, पंचवीस हजारांहून अधिक सागरी मैल कापून, २९ मे २०२५ रोजी त्या गोव्यालाच परतल्या. यातल्या दिलना या लॉजिस्टिक्स शाखेच्या, म्हणजे रसद, साठा आणि हिशेब सांभाळणाऱ्या. हे वाचून मला जातभाई भेटल्यासारखे वाटले. आकडेमोड करणाऱ्याने खुर्ची सोडून केप हॉर्नला जावे, ही कल्पना आमच्या शाखेत कोणाच्या स्वप्नातही आली नसती. आमची झेप प्रवास-भत्त्याच्या बिलापर्यंत.

जुने खलाशी सांगत की, हॉर्नला वळसा घातलेल्याला कानात सोन्याची बाळी घालण्याचा हक्क मिळतो. तोही ज्या बाजूला हॉर्न राहिले, त्याच कानात. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना ते टोक डाव्या हाताला राहते आणि ‘तारिणी’ त्याच दिशेने गेली. म्हणजे परंपरेप्रमाणे दोघींचा डाव्या कानाचा हक्क पक्का झाला. उजव्या कानासाठी मात्र उलट बाजूने, वारा तोंडावर घेत, कप्तान ब्लाय जिथून मागे फिरला त्या वाटेने जावे लागेल.